वाफोबाचे दोरे

बॉयलर आयुष्यात एकदाच फुटतो. त्यामुळे न फुटलेल्या प्रत्येक बॉयलरचा आजवरचा इतिहास निष्कलंक असतो, आणि ज्याचा इतिहास निष्कलंक त्याच्याकडे संशयाने पाहणे सभ्य माणसाला शोभत नाही. याच तत्त्वावर जबलपुरात चेरीतालला 'वऱ्हाड स्नेहवर्धक समाज' या संस्थेचा बॉयलर उभा होता. (तत्त्वाखेरीज तो सिमेंटच्या चार ठोकळ्यांवरही उभा होता, पण त्यांतला एक सरकला होता.)

समाज म्हणजे तीन-चार पिढ्यांपूर्वी नागपूर, वर्धा, अमरावती या बाजूंनी जबलपुरात आलेली मराठी कुटुंबे. कोणी दुकान टाकायला आले, कोणी नोकरीला, कोणी आधी आलेल्या मेव्हण्याला भेटायला येऊन राहूनच गेले. ही मंडळी घरात मराठी बोलतात, बाजारात हिंदी बोलतात, आणि समाजाच्या सभेत मराठीत सुरू केलेले भांडण हिंदीत संपवतात. समाजाला स्वतःचे सभागृह आहे, सभागृहाला स्वयंपाकघर आहे, आणि स्वयंपाकघराच्या कडेला, सभागृहाच्या भिंतीला पाठ लावून, बॉयलरची खोली आहे. बॉयलर एका बंद पडलेल्या लाँड्रीतून आणला. तिथे तो चादरी उकडत असे. इथे त्याची वाफ नळ्यांनी दुहेरी तळाच्या मोठ्या पातेल्यांभोवती फिरते आणि अख्ख्या पंगतीचे वरण एका दमात शिजते. वरण फार सुरेख होते, यात वादच नाही.

दप्तरात 'बॉयलर' असे लिहिले की तपासणी मागे लागते, हे कार्यकारिणीला कोणीतरी वेळीच सांगितले. म्हणून सामानाच्या यादीत त्याची नोंद 'पातेले, मोठे, बंद तोंडाचे, एक नग' अशी आहे. पातेल्याची तपासणी करायला अजून तरी कोणी येत नाही.

बाळाजी उमाठे हे या पातेल्याचे सुरक्षा सचिव. एका कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेले, अंगाने बारीक, स्वभावाने प्रामाणिक. सभेत या पदासाठी नाव पुकारले गेले तेव्हा ते पाणी प्यायला बाहेर गेले होते, त्यामुळे निवड बिनविरोध झाली. पद मिळाल्यावर मात्र त्यांनी हयगय केली नाही. खोलीच्या दारावर लिंबू-मिरची आली, आणि ती दर शनिवारी बदलली जाऊ लागली. 'सुरक्षा प्रथम' अशी पत्र्याची पाटी आली. (खिळा ठोकायला भिंत पोकळ लागली, म्हणून पाटी बॉयलरच्याच एका नटाला टांगली.) एक पिवळे हेल्मेट आले. ते अध्यक्षांच्या मापाचे असल्यामुळे अध्यक्ष आले की अध्यक्षांनी घालायचे असे ठरले. दर वर्षी सुरक्षा सप्ताहात सर्वांनी उभे राहून शपथ घ्यायची पद्धत पडली. शपथ हिंदीत घेतली की जास्त लागू पडते, असा अनुभव आहे. मुलांसाठी घोषवाक्यांची स्पर्धाही झाली. त्यात आईवडिलांमध्ये कटुता येऊ नये म्हणून सर्वांना पहिला क्रमांक देण्यात आला.

आता थोडे यंत्राविषयी. बॉयलरच्या डोक्यावर एक झडप असते. झडपेला एक लांब दांडी, दांडीच्या टोकाला लोखंडी गोळा. आत वाफ फार कोंडली की दांडी आपसूक वर उचलली जाते, जास्तीची वाफ नळीतून छपराबाहेर निघून जाते, मोठा आवाज होतो, आणि दांडी पुन्हा खाली बसते. माणसाला असह्य झाले की तो ओरडतो, तशी ही सोय आहे. माणसांच्या बाबतीत आपण त्या सोयीचे काय करतो ते सर्वांना माहीत आहे. बॉयलरच्या बाबतीतही तेच झाले, फक्त जरा भक्तिभावाने.

पहिल्या दसऱ्याला यंत्राची पूजा झाली. हळद लागली, कुंकू लागले, नारळ फुटला. पूजा म्हटली की लाल दोरा बांधावा लागतो. इकडे त्याला कलावा म्हणतात. अध्यक्ष विठोबाजी गावंडे (सराफ्यात चांदीचे दुकान, बोटांत चार अंगठ्या) दोरा हातात घेऊन बॉयलरभोवती फिरले. सगळीकडे चटका बसत होता. हाताला न भाजणारा आणि जणू दोऱ्यासाठीच पुढे केलेला असा एकच भाग होता, तो म्हणजे झडपेची ती दांडी. विठोबाजींनी दांडी आणि खालची चौकट मिळून दोन वेढे दिले आणि गाठ मारली.

पुढच्या वर्षी स्वयंपाकघराच्या प्रमुख बेबीताई झाडे यांनी तिथेच एक दोरा बांधला आणि भाच्याच्या नोकरीचे मागणे घातले. भाचा सचिन महिन्याभरात फॅक्टरीत लागला. (त्याने दोन वर्षे अभ्यास केला होता, पण त्याचा पुरावा काय?) बातमी शहराच्या दुसऱ्या भागात, पार कांचघरपर्यंत गेली. कोणाचा बदलीसाठी दोरा, कोणाचा प्लॉटच्या खटल्यासाठी, कोणाचा मुलाच्या व्हिसासाठी. समाजाची मंडळी बॉयलरला 'वाफोबा' म्हणू लागली, शेजारची हिंदी मंडळी 'भापवाले बाबा' म्हणत चपला बाहेर काढून येऊ लागली. दाब दाखवणारी काच गोल आणि बरोबर कपाळाच्या उंचीवर होती, त्यामुळे कुंकू तिला लागू लागले.

नवसाचा नियम सरळ आहे. मागणे पुरे झाले की ज्याचा दोरा त्यानेच येऊन सोडायचा. पण इतक्या दोऱ्यांत आपला कोणता हे सांगता येईना. दुसऱ्याचा सुटला तर दुसऱ्याचे मागणे बुडायचे. म्हणून भाविकांनी सुज्ञ मार्ग काढला. मागणे पुरे झाले की दोरा सोडण्याऐवजी उपकाराचा आणखी एक बांधायचा. हळूहळू दांडी दिसेनाशी झाली. तिथे लाल, केशरी आणि विटून पांढुरक्या झालेल्या सुताचा एक घट्ट गोळा तयार झाला. तो फार प्रसन्न दिसे.

आणि झडप ओरडायची थांबली.

पूर्वी ती ओरडत असे, हे जुन्या लोकांना आठवते. एका साखरपुड्यात तिने इतक्या जोरात तोंड उघडले की मुलाचे मामा कढीच्या वाटीसह उठले आणि वाटीशिवाय बसले. तेव्हा समाजाकडे रीतसर तक्रार आली होती. आता तसे काही होत नव्हते. पहिले संपूर्ण निःशब्द वर्ष पार पडले तेव्हा कार्यकारिणीने ते 'मूक वर्ष' म्हणून साजरे केले आणि सुरक्षा सचिवांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. पुढची सगळी वर्षे मूकच गेली. बाळाजींच्या कपाटात शालींची चळत झाली. समाजाच्या पाहणीनुसार नव्व्याण्णव टक्के सभासदांना बॉयलर सुरक्षित वाटतो. (उरलेला एक टक्का म्हणजे एक वकील आहेत, त्यांना काहीच सुरक्षित वाटत नाही.)

बाळाजींचाही त्या गोळ्यात एक दोरा होता. मुलगी दुर्वा शिकलेली, एका खाजगी कंपनीत नोकरीला, आणि लग्न काही जमेना. बायको कुमुद म्हणाली, "अख्ख्या जबलपूरचं काम करून राहिला तो, आपलंच काहून नाही करणार? जा, बांधून या." बाळाजींनी बांधला. थंडी संपायच्या आत राजसचे स्थळ आले. मूळचा नाशिकचा, बँकेत, बदलीवर नुकताच जबलपुरात आलेला. मुलामुलीने एकमेकांना पसंत केले, तारीख ठरली, पत्रिका छापून वाटल्या. लग्न अर्थातच समाजाच्या सभागृहात.

राजस सभागृह पाहायला आला तेव्हा बाळाजींनी त्याला मोठ्या अभिमानाने बॉयलर दाखवला. राजसने पाटी वाचली, हेल्मेट पाहिले, सुताचा गोळा पाहिला. मग त्याने साध्या कुतूहलाने विचारले, "काका, वाफ जास्त झाली तर ती जाते कुठून?"

"जात नाही," बाळाजी म्हणाले. "आपल्याकडे काही वाया जात नाही."

"अच्छा," राजस म्हणाला. जबलपुरात येऊन तो एवढे शिकला होता. होणाऱ्या सासऱ्याला दुसरा प्रश्न विचारायचा नसतो, हे तो नाशिकहूनच शिकून आला होता.

दुसरा प्रश्न बाळाजींनीच संध्याकाळी स्वतःला विचारला. कुमुदने कुकर लावला होता. बाळाजी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून त्याच्याकडे बघत होते. शिट्टी झाली, वाफ गेली, शिट्टी बसली.

"काय पाहून राहिले?" कुमुद म्हणाली. "कुकर नाही पाहिला का कधी?"

"ही शिट्टी बांधून टाकली तर गं?"

"बांधा न. पण मला आधी माहेरी जाऊ द्या."

बाळाजी खाली बसले. मग त्यांनी विचारले, "बोहलं कोणत्या भिंतीला असतं?"

"नेहमीच्या. वाफोबाच्या." एवढे बोलून कुमुदने हातातला डाव खाली ठेवला. त्या भिंतीच्या अलीकडे बॉयलर, पलीकडे पाटावर दुर्वा उभी राहणार होती. "मग कापून टाका न ते दोरे," ती म्हणाली.

"त्यात आपलाही आहे."

कुमुदने डाव पुन्हा उचलला. लग्नाचे मागणे लग्न लागल्याशिवाय पुरे होत नाही, आणि मागणे पुरे होण्याआधी दोरा तुटला तर काय होते, हे तिला विचारायची गरज नव्हती. ती हळूच म्हणाली, "मग अक्षता पडू द्या. पडल्या की लगेच कापा."

"वरण अक्षतांच्या आधी शिजतं, कुमुद."

कुकरची पुढची शिट्टी झाली तेव्हा दोघेही दचकले.

बाळाजींनी विषय कार्यकारिणीपुढे मांडला. कार्यकारिणीने तो अत्यंत गांभीर्याने ऐकला. विठोबाजी म्हणाले, "बाळाजीभाऊ, तुमची भावना समजली. पण लोकांच्या पण भावना आहेत न. चलो, उपसमिती बनवून टाकू." त्याप्रमाणे 'दोरा विमोचन उपसमिती' स्थापन झाली. तिने असे ठरवले की ज्याचे मागणे पुरे झाले त्याने स्वतः येऊन, आपला दोरा ओळखून, वरच्या दोऱ्यांना धक्का न लावता तो सोडावा. प्लॉटवाले म्हणाले, खटला चालू आहे. व्हिसावाल्यांनी तर उपसमितीवरच विश्वास नसल्याचे सांगितले. सर्वांत पहिला, सर्वांत आतला दोरा खुद्द विठोबाजींचा होता. त्यांचे मागणे 'अध्यक्षपद राहावे' असे असल्याचे उघड झाले. ते दर वर्षी पुरे होत होते आणि दर वर्षी उरत होते. बेबीताई मात्र मोकळ्या मनाने पुढे आल्या. सचिनचा दोरा शोधायला त्या बराच वेळ खुर्चीवर चढून उभ्या होत्या. तो सापडला नाही, म्हणून त्यांनी क्षमेचा एक बांधला. उपसमितीच्या कामाला यश यावे म्हणूनही एक बांधण्यात आला. एकंदरीत उपसमितीच्या काळात दोऱ्यांची संख्या वाढली, आणि तसा अहवाल तिने दिला.

मग बाळाजींनी बेबीताईंना गाठून सुचवले की या एका लग्नापुरते वरण गॅसच्या भट्टीवर करावे.

"गॅसवर?" बेबीताईंनी पदर खोचला. "ज्याच्या कृपेनं पोरीचं जमलं त्याला उपाशी ठेवून तुम्ही गॅसवर वरण करून राहिले? काहून हो भाऊ, पोरगी नांदवायची आहे का परत आणायची आहे?"

बॉयलर धोकादायक आहे असे चार लोकांत सांगायचे, तर कपाटातल्या शाली परत कराव्या लागल्या असत्या. दुर्वाला सांगून पाहिले, तर ती म्हणाली, "पप्पा, इतना टेन्शन काहून घेऊन राहिले तुम्ही? इतक्या वर्षांत कभी कुछ हुआ है क्या?" तिला निष्कलंक इतिहासाचे ते तत्त्व पाठ होते. ती समाजातच वाढली होती.

लग्नाचा दिवस उजाडला. बॉयलरखाली सकाळपासून जाळ होता. नाशिकची मंडळी नटूनथटून पुढच्या रांगेत बसली होती. मुलीच्या बापाने जिथे असायला हवे तिथे बाळाजी नव्हते. ते फेटा बांधून बॉयलरच्या खोलीत होते.

बेबीताई हात जोडून उभ्या होत्या. "आज बाबा भारी खुश आहे," त्या म्हणाल्या. "चूं पण नाही करून राहिला."

खरोखरच आवाज नव्हता. फक्त नटाला टांगलेली 'सुरक्षा प्रथम' ही पाटी आपोआप थरथरत होती आणि लोखंडावर टकटक वाजत होती. बाळाजींनी फेट्याच्या टोकाने दाबाच्या काचेवरचे कुंकू पुसले. कित्येक वर्षांचे होते, सहज निघाले नाही. खाली काटा दिसला. लाल रेघ मागे टाकून तो काचेच्या शेवटी असलेल्या खिळ्याला टेकला होता. पुढे जायला जागा नसल्यामुळेच तो थांबला होता.

"जाळ बंद करा," बाळाजी म्हणाले.

"वरण कच्चं आहे भाऊ."

भिंतीपलीकडून मंगलाष्टके सुरू झाली. भटजींचा आवाज इतका जवळून येत होता, की त्यांनी मध्येच घसा खाकरला तेही ऐकू आले. तिथेच, हातभर अंतरावर, दुर्वा हार घेऊन उभी होती. बाळाजींना भीती वाटली. बॉयलरची वाटली, पण खरे सांगायचे तर दोऱ्याची त्याहून थोडी जास्तच वाटली. आपण कापला आणि हिचे काही वाईट झाले तर जन्मभर कोणाला तोंड दाखवणार? मग ती पाटी जोरात वाजू लागली, आणि त्यांना आठवले की नाही कापला तर जन्मभर हा प्रश्नच येणार नाही.

त्या दिवशी हात धुण्याच्या नव्या बेसिनचेही उद्घाटन होते. त्यासाठी बाहेरच्या टेबलावर तबकात विठोबाजींच्या दुकानातली चांदीच्या मुठीची कात्री ठेवली होती. बाळाजींनी ती उचलली, खुर्चीवर चढले, आणि सुताच्या गोळ्यात खुपसली. "भाऊ!" बेबीताई किंचाळल्या. वरचे लाल थर सुटले, मग केशरी, मग ते जुने पांढुरके. बदल्या तुटल्या, व्हिसा तुटला, खटले तुटले. त्यात केव्हातरी दुर्वाचाही तुटला असणार, पण कोणता ते कळले नाही. अगदी शेवटी आतले दोन वेढे राहिले. अध्यक्षपदाचे. ते बरेच चिवट निघाले.

ते तुटताच दांडी लोखंडी गोळ्यासकट वर उडाली.

तो आवाज चेरीतालमध्येच नव्हे तर फार लांबपर्यंत गेला. छपरावरच्या नळीतून वर्षानुवर्षांची थकबाकी एकदम बाहेर पडली. बेबीताई अंगणात पळाल्या. दारावरची लिंबू-मिरची कुठे गेली ते पुढेही कळले नाही. सभागृहात सातशे माणसे एकदम उठली. सर्वांच्या मुठीत अक्षता होत्या. पळताना मूठ उघडते, हा निसर्गनियम आहे. अक्षतांचा असा पाऊस त्या सभागृहात पूर्वी कधी पडला नव्हता. भटजी मुरलेले होते. त्यांनी उरलेली दोन कडवी सोडून दिली, शेवटची ओळ जिवाच्या आकांताने म्हटली, आणि खुणेने हार घाला म्हणून सांगितले. लग्न लागले.

कुमुद धावत आली तेव्हा बाळाजी जमिनीवर बसले होते. अंगावर सुताचे तुकडे, फेटा भिजलेला. दाबाचा काटा खिळा सोडून हळूहळू मागे येत होता.

"आहे न ती?" त्यांनी विचारले.

"कोण?"

"दुर्वा."

"आहे न. हार घालून राहिली." मग कुमुदने काट्याकडे पाहिले, तुटलेल्या दोऱ्यांकडे पाहिले आणि ती नवऱ्याशेजारी जमिनीवरच बसली. बाळाजी फेट्यात तोंड घालून रडले. आयुष्यात त्यांना इतके बरे कधी वाटले नव्हते.

वाफ गेल्यामुळे वरण कच्चे राहिले. तेच वाढले गेले. समाजाच्या आठवणीत त्या दिवसाची नोंद 'कच्च्या वरणाचे लग्न' अशीच आहे.

चौकशी समितीने निःपक्षपातीपणे काम केले. तिचे निष्कर्ष थोडक्यात असे. बॉयलर अनेक वर्षे शांत होता. घटनेच्या दिवशीही श्री. उमाठे खोलीत येईपर्यंत तो शांतच होता. त्यांनी कात्री लावली आणि तो ओरडला. सबब, आवाजाचे कारण कात्री हे होय. काटा खिळ्याला टेकला होता, या श्री. उमाठे यांच्या म्हणण्याला आधार नाही, कारण काचेवरचे कुंकू त्यांनीच पुसले असून ते पूर्वीप्रमाणे लावण्यात आले आहे. दोरा अक्षतांच्या आधी तुटला की नंतर, यावर समितीत एकमत झाले नाही; तूर्तास नवरा-नवरीला विवाहित समजण्यास हरकत नाही. दोऱ्यात एक मूलभूत दोष मात्र समितीला आढळला. तो कापता येतो.

हा दोष दूर करण्यासाठी विठोबाजींनी चांदीचा मुलामा दिलेली लोखंडी साखळी समाजाला अर्पण करायची ठरवली. तिने दांडी चौकटीला कायमची बांधायची, कुलूप लावायचे, किल्ली सुरक्षिततेसाठी अध्यक्षांकडे. भाविकांनी दोरे साखळीला बांधावेत.

प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे आला. बाळाजी उठले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच सभेत कागद न घेता भाषण केले. "हे फुटेल," ते म्हणाले. "त्या दिवशी फुटलंच असतं. आपण सगळे तिथं मेलो असतो. माझी पोरगी त्या भिंतीला उभी होती, तुमचीही उद्या उभी राहील. माझ्या सगळ्या शाली घ्या परत, पण ही साखळी नका लावू."

मग टाळ्या वाजल्या, आणि चांगल्या वाजल्या. "भाऊ एकदम दिल से बोलले," विठोबाजी म्हणाले. "साखळीला कोणाचा आक्षेप?" नेमका त्याच वेळी चहा आणि कचोऱ्या आल्या, त्यामुळे ठराव एकमताने मंजूर झाला. बाळाजींना पदमुक्त करून नवे सुरक्षा सचिव म्हणून राजसची निवड झाली. तो पाणी प्यायला बाहेर गेला होता.

यंदा दुर्वाचे डोहाळजेवण आहे. तिच्या सासूबाईंनी नाशिकहून आग्रहाने कळवले की कार्यक्रम वाफोबाच्याच सभागृहात व्हावा, कारण जागृत आहे. बाळाजींनी जागा बदलायचे सुचवून पाहिले, आजारी पडून पाहिले. शेवटी विठोबाजींकडे किल्ली मागितली. "देऊ न," विठोबाजी म्हणाले. "कार्यक्रम होऊन जाऊ द्या."

तेव्हा कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी, जाळ लागायच्या आधी, बाळाजी एकटेच बॉयलरच्या खोलीत गेले. चपला बाहेर काढल्या. साखळी ओढून पाहिली, ती हलली नाही. मग त्यांनी खिशातून लाल दोरा काढला, साखळीभोवती दोन वेढे दिले, घट्ट गाठ मारली, आणि डोळे मिटून वाफोबाला मागणे घातले की तू फुटू नकोस.

"काय मागितलं भाऊ?" मागून बेबीताईंनी विचारले.

"सगळ्यांचं भलं."

"मग होतेच ते," बेबीताई म्हणाल्या आणि त्यांनी जाळ पेटवला.

आपल्यालाही आमंत्रण आहे. अवश्य यावे. पंख्याखालची जागा म्हणून आपण बॉयलरच्या भिंतीला पाठ लावून बसाल. भिंत कोमट लागेल. पलीकडे पत्र्याची एखादी पाटी टकटक वाजते आहे असे वाटेल, आणि आपण शेजारच्याला विचाराल, "हे काय वाजतंय?" तो म्हणेल, "काही नाही, नेहमीचंच आहे." आपल्याला सगळे माहीत आहे, आपण ही गोष्ट वाचली आहे. आपण उठाल, असे क्षणभर आपल्याला वाटेलही. पण तेवढ्यात वाढपी येईल, आणि मध्येच पानावरून उठणे बरे दिसत नाही म्हणून आपण आणखी थोडे वरण घ्याल.